हॅलिबटच्या पोटातला पत्ता

आमच्या धक्क्यावर प्रत्येक बोटीच्या नावाची पाटी आहे आणि पाटीखाली लोखंडी आकड्यांची रांग. पैसे मोजून गळ टाकायला आलेली पाहुणे मंडळी संध्याकाळी आपले हॅलिबट मासे तिथे टांगतात आणि फोटो काढतात. कप्तान ऑर्विल हाउगेन आधी शेजारच्या पाटीखाली काय लटकतंय ते बघायचा, मग आपली बोट बांधायचा.

शेजारची पाटी ट्रेसाची. अकरा उन्हाळे ती ऑर्विलच्याच बोटीवर खलाशी होती. गेल्या वर्षी तिनं स्वतःची बोट घेतली, आणि तेव्हापासून याच्याकडे ताटाएवढे मासे, तिच्याकडे दाराएवढे. याचे पाहुणे याच्याच बोटीतून उतरून पुढच्या वर्षासाठी तिच्याकडे नाव नोंदवायचे. म्हातारा जळून नुसता कोळसा व्हायचा. "नशीब आहे कार्टीचं, दुसरं काय!" हे त्याचं पालुपद.

मासे मी दोघांचेही कापते. पोटात काय निघालं यावरून मासा समुद्राच्या कुठल्या तळावरचा, हे मला समजतं. पण एका बोटीच्या माशाचं पोट दुसऱ्या कप्तानाला सांगायचं नाही, ही इथली रीत. जुलैतल्या एका दुपारी ऑर्विल माझ्या टेबलाशी कॉफी घेऊन आला. चोवीस वर्षांत साधं पाणी न विचारलेला माणूस!

"नेडीन, तिच्या माशांच्या पोटात काय गं निघतं?"

"आतडी."

"चेष्टा नको. पुढच्या वर्षाला चार नावं आलीत फक्त. बोट विकायची वेळ येईल माझ्यावर."

मला त्याची कीव आली. आणि खोटं कशाला बोलू, ट्रेसाचा तोरा मलाही खुपत होताच. जीभ घसरली. "ऑक्टोपस. आणि तांबडी खडी."

तो कॉफी तिथेच टाकून नकाशा काढायला गेला. तसली तांबडी खडी इथे एकाच भूशिराच्या पलीकडे आहे, अडीच तासांवर. दुसऱ्या दिवशी तो तिथे पोहोचला तेव्हा ट्रेसा नांगर टाकून बसलेली. पुढचं सगळं माझ्या टेबलावरच्या रेडिओवर अख्ख्या धक्क्यानं ऐकलं.

"या कप्तान, या! म्हटलं, कधी येताय."

"ही जागा तुला दाखवली कुणी? खरं सांग!"

"अहो, तुम्हीच की! माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात. दोनदा आलो आपण. मग तुम्ही म्हणालात, एवढं लांब कोण मरायला जातंय, पाहुण्यांना छोटे मासेही चालतात. विसरलात?"

धक्क्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मला मात्र माझ्याच जिभेचा राग आला.

संध्याकाळी ऑर्विलनं दाराएवढा मासा आणला. पाहुणे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो माझ्याकडे आला आणि हातमोजे काढत हळूच म्हणाला,

"तिनं ती जागा चोरली असती ना गं, तर बरं झालं असतं."