दुसऱ्यांदा टोचलेलं बोट

"आधी माजं काय चुकलं ते सांगते," म्हणत भाभी बैठकीत उभ्या राहायच्या. अशा बैठकांना तुम्हीही बसला असाल. तिथं जो तो काय नीट झालं तेवढंच सांगतो. आमच्या मावळात घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या बैठकीत भाभी मात्र उलटी सुरुवात करायच्या; त्याही आशाच. मी त्यांच्या कामावर देखरेख करणारी, तरी मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

एका पावसाळ्यात आंबीजवळच्या बांधकामावर एका मजुराच्या बायकोला थंडी वाजून ताप आला. भाभींनी सकाळी तिचं बोट टोचून मलेरियाच्या किटवर रक्त घेतलं, किटसोबतच्या बाटलीतल्या द्रावणाचे थेंब टाकले. एकच रेघ उमटली. अजून बरीच घरं फिरायची होती. "मलेरिया न्हाई," म्हणून त्या वेळ भरायच्या आधीच उठल्या.

दुपारी पिशवी आवरताना त्याच किटवर दुसरी, पुसट रेघ दिसली. किट वेळेआधी वाचलं तर फसगत होते, आणि उशिरा उमटलेली रेघही धरायची नसते. म्हणजे सकाळचंही खरं नाही, आत्ताचंही नाही. भाभींनी मला फोन केला आणि नवं किट घेऊन त्या परत निघाल्या.

मी गाडीवरून पोचले तेव्हा तिचा नवरा गावी जायला सामान बांधत होता. तो वैतागलाच.

"सकाळी न्हाई म्हणालात, आता परत टोचायचं?"

"व्हय. सकाळी मी घाई केली. चूक माजी हाय, पण ताप तुज्या बायकोला हाय. जरा थांब दादा."

तो थांबला. भाभी पुन्हा बोट टोचून मोबाइलचं घड्याळ समोर ठेवून बसल्या आणि वेळ भरेपर्यंत हलल्या नाहीत. दुसरी रेघ उमटली, म्हणजे मलेरियाच. तिला रिक्षानं आरोग्य केंद्रात नेलं, औषध सुरू झालं आणि ती बरी झाली.

पुढच्या बैठकीत भाभींनी हे सगळं आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसमोर सांगितलं. मग मागून एक जण म्हणाली, "मीबी लवकरच बघते." दुसरी म्हणाली, "रक्त कुठल्या खाचेत टाकायचं, माजा लय गोंधळ व्हतो." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. भाभी माझ्या गटातल्या, हे त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

भाभी आता काम सोडून लोणावळ्याला लेकीकडे राहतात. परवाच्या बैठकीत बेडशाची नवी आशा आपणहून उभी राहिली. तिनं भाभींना कधी पाहिलंही नव्हतं. किटची बाटली तिरकी धरल्यानं आपले थेंब कमीजास्त पडतात, असं तिनं सांगितलं. कुणी हसलं नाही. शेजारच्या दोघी तिच्याजवळ सरकल्या आणि तिचा हात धरून बाटली सरळ कशी धरायची ते दाखवू लागल्या.