चेलोच्या गजाची राळ
नातीच्या व्हायोलिनच्या पेटीतली राळेची वडी हातात घेतली आणि त्या वासासरशी बर्मिंगहॅममधल्या चर्चचा गारठलेला हॉल आठवला. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. त्या दिवशी सकाळी पुण्याहून भावाचा फोन आला होता, "आई गेली. तू पोचेपर्यंत थांबता येणार नाही." मी अंघोळ केली, हॉस्पिटलमध्ये राउंड घेतला आणि संध्याकाळी चर्चमधल्या कार्यक्रमाला जायला चेलो उचलला. नवरा म्हणाला, "अगं, सासरी गेलेल्या लेकीलाही तीन दिवसांचं सुतक असतं. आज तरी नको वाजवूस." मी म्हटलं, "तिघांचं वाजवणं आहे, मी नसले तर होणारच नाही." एका जर्मन संगीतकाराने विशीच्या आत पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी लिहिलेला तो ट्रिओ, पुढे त्यानेच बाजूला टाकलेला, म्हणून सहसा कुणी वाजवत नसे. त्याच्या संथ भागात एकट्या चेलोला लांब धून होती. तालमीत तिथे दरवेळी मी मात्रा मोजायची विसरून जायचे. त्या संध्याकाळी मी नुसत्या मात्रा मोजल्या, बोटं बरोबर जागी पडत गेली, रॉकेलच्या हीटरचा वास येत राहिला. नंतर चहाचा कप देत आमच्या पियानोवाल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "आज फार सुरेख वाजवलंस. एरवी तू त्यात जरा जास्तच जीव ओततेस." मी थँक यू म्हणून बिस्किट घेतलं. हे सगळं ऐकून नात आता म्हणते, "आजी, ती ट्यून गाऊन दाखव ना." मला त्यातला एकही सूर आठवत नाही. बिस्किट आल्याच्या चवीचं होतं, एवढं आठवतं.