पाच लिटर गोवा

आखाडा बाळापूरहून दर हिवाळ्यात गोव्याला गाडी नेणारा एक ड्रायव्हर आमच्या ओळखीचा आहे. गोवा तो आमच्याच मापानं सांगतो. "समिंदर म्हंजे काय, सिद्धेश्वरचं धरण धरा अन् पल्याडचा काठ काढून टाका." पोर्तुगीजांचं चर्च कापसाच्या जिनिंगच्या दुप्पट उंच, "पण आत इतकं गार, का बाहेर काहून निघावं?" किल्ल्यावरच्या तोफेला टेकून तो दर खेपेला फोटो काढून घेतो. पाण्यात मात्र घोट्यापर्यंतच उतरतो.

यंदा आम्ही त्याच्याच गाडीनं गेलो. गुडघ्यांमुळं आई घरीच राहिली. परतीला निघताना त्यानं समुद्रावर पाच लिटरचा डबा भरून घेतला, काशीहून गंगा आणावी तसा. घरी आल्यावर आमच्या अंगणात परात मांडून त्यानं तो ओतला, वर मूठभर वाळूही टाकली.

"मावशी, पाय ठिवा. तुमच्यासाठी आणलाय."

आईनं आधी पाण्याला हात जोडले, मग पाय बुडवले. पाणी घोट्यापर्यंत आलं, तो उतरतो तितकंच.

मग पायाची बोटं हलवत आईनं विचारलं, "अन् ते चर्च कवा आणतूस रं, बाबा?"