पाळण्यावरचं झुंबर

अक्काबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. घरात तिचा विषय निघाला की मी उठून अंगणात जायचो. आता ज्यांच्यापासून लपवायचं ते कुणीच उरले नाहीत. माझी मुलगी मात्र आहे, आणि तिला खरं कळायला हवं.

अक्का आमची धुळ्यातली शेजारीण. तिला मूलबाळ नव्हतं, पण गल्लीत कुणाकडे बाळ यायचं असलं की खोली तीच लावायची. भिंतीतली विंचवाची भोकं चिखलानं बुजवायची, पाळण्याच्या लाकडावर स्वतःचा गाल फिरवून कुसळं शोधायची, दोरीला कडुलिंबाचं तेल चोळायची, म्हणजे मुंग्या उतरत नाहीत. मग सरकी काढलेला कापूस भरून चिमण्या शिवायची. त्या टांगण्याआधी ती जमिनीवर उताणी झोपायची आणि एकेक चिमणी उंचावरून स्वतःच्या तोंडावर पाडायला लावायची. बायका हसायच्या. ती डोळे मिटून म्हणायची, "आधी मन्हा तोंडवर पडू दे, मंग पोरवर टांग."

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी मला मुलगी झाली. बारशाला माझे सासरे जळगावहून येणार होते. कापसाच्या व्यापारातली बडी मंडळी. मी कापसाच्या जिनिंग गिरणीतला साधा कारकून. त्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून मी लोलकांचं एक काचेचं झुंबर आणलं. अक्कानं ते हातात घेऊन पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"हाई काच शे भाऊ. पडनं तं?"

"आता हेही तोंडावर पाडून बघतेस का?" मी म्हणालो. ती हसली नाही. मी फार गळ घातली, तेव्हा तिचा नाइलाज झाला. पण गाठ आपणच मारणार, असं तिनं बजावलं. स्टुलावर चढून तिनं ते पाळण्याच्या पायथ्याकडे, पार छताच्या कडीला भिडवून बांधलं आणि लोंबकळून दोरी ओढून पाहिली.

बारशाच्या दिवशी सकाळी मी दारातून पाहिलं, तर झुंबर चौकटीआड जात होतं. सासऱ्यांना दिसणार कसं? खोलीत कुणी नव्हतं. मी स्टूल ओढलं, तिची गाठ सोडली, झुंबर हातभर खाली घेतलं आणि मला जमली तशी गाठ मारली.

पाळण्याची गाणी चालू असताना ते कोसळलं. फुटून उडालेली एक काच पोरीच्या भुवईत घुसली. डोळा थोडक्यात वाचला.

बांधलं कुणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझी आई म्हणाली, वांझ बाईचा हात पाळण्याला लावू दिला हीच चूक झाली. तिनं चिमण्या ओरबाडून काढल्या आणि अंगणात जाळल्या. अक्का उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती. मी पोरीला घेऊन बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. पण शेजारी सासरे बसले होते.

त्यानंतर गल्लीत पाळणे हलले, पण अक्काला कुणी बोलावलं नाही. तीही कुणाच्या दारात गेली नाही. पुढे मला अमळनेरला नोकरी लागली आणि मी सुटल्यासारखा तिकडे गेलो.

स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात अक्का अंथरुणाला खिळल्याचं कळलं. आता सांगायचंच, असं ठरवून मुलीला घेऊन धुळ्याला गेलो. अक्कानं पोरीला जवळ ओढलं. भुवईवरच्या व्रणावर तिचं बोट कितीतरी वेळ फिरत राहिलं. मग ती माझ्याकडे वळली.

"मन्ही गाठ ढिली राहिनी भाऊ. माले माफ कर."

शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण पोरगी माझ्याकडे बघत होती.

"जाऊ दे, अक्का," मी म्हणालो. "झालं गेलं."

तिनं माझा हात धरला. तिला फार हलकं वाटलेलं दिसलं. होळीच्या आत ती गेली.

अक्का, तू बांधलेलं झुंबर पडलं नव्हतं. ते मी सोडून पुन्हा बांधलं होतं. माफी मी मागायची होती.