नवेगावच्या वाटेवर पाचवा गिअर

गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकाचा वास असतो. किंचित कुजक्या कांद्याकडे झुकणारा, चिवट. बेसन, लिंबू, राख सारे चोळूनही तो माझ्या बोटांच्या पेरांत आठवडाभर राहिला होता. नवेगावबांधला निघालो त्या सकाळी नागपुरात बोचरी थंडी होती. स्टिअरिंगवर हात जरा उबदार झाले आणि तो वास पुन्हा जागा झाला.

आमच्या जुन्या जीपचा चार गिअरांचा बॉक्स उतरवून पाच गिअरांचा मी स्वतः बसवला होता. तीन रविवार, उसनी आणलेली साखळी-कप्पी, आणि पाने पुढे करणारे माझे यजमान, अरविंद. काम वर्कशॉपमध्येच द्यावे, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी एकदाच शब्दांत सांगितले. नंतर मौनातून सांगत राहिले.

भंडारा मागे पडेपर्यंत पाचवा गिअर मऊ, बिनतक्रार चालला. साकोलीनंतर पायाखालून एक बारीक सूर उठला. आधी तो वाऱ्याचा वाटला. सौंदडपाशी तो रडवेला झाला, आणि गिअरच्या दांड्याभोवतीचा पत्रा हाताला चटका देऊ लागला.

"मी काही बोललो का?" अरविंद म्हणाले.

"तेच तर मघापासून ऐकू येतंय."

सडक अर्जुनीला ढाब्यावर थांबलो. ट्रकांच्या रांगेपलीकडून कापलेल्या धानाचा सुका, गोडसर वास येत होता. चहावाल्याने न विचारताच बोट दाखवले. "तिकडं शालिकराम मिस्त्री आहे. ढाब्यावर गाडी वळली का त्याले आवाज समजते."

शालिकराम साठीचा, सडपातळ. जीपखाली वाकून पाहिल्यावर त्याने अरविंदना विचारले, "भाऊ, गिअरबॉक्स कोनं बसवला?"

अरविंदांनी माझ्याकडे हात केला.

"बाईनं?" त्याने मला नीट पाहिले. हसला नाही. "मंग तुमीच सांगा बाई. तेल भरलं तवा गाडी कशी उभी होती?"

पुढची चाके उचलून ठोकळ्यांवर, मागची जमिनीवर, असे मी सांगितले. बाजूच्या बुचातून ओघळेपर्यंत तेल भरले होते. पुस्तकात तसेच लिहिले होते.

"हेच तं झालं! गाडी चढावर, तेल सारं मागं. बुच मागच्या अंगाले. तिथून सांडलं, तुमाले वाटलं भरला. सडकेवर गाडी सपाट झाली तं समोरची बेअरिंग कोरडी."

त्याने जीप आपल्या खड्ड्यावर घेतली. खड्ड्याचे दोन्ही काठ त्याने नळीत पाणी भरून, पातळी जुळवून बांधले होते. "आमी कोहळी, तलाव बांधनारे. माहा आजा पाळीवर (तळ्याच्या बांधावर) उभा राहून सांगे, पानी कोनत्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) चढंल अन् कोनत्या नाई." बोलता बोलता त्याने बूच उघडून करंगळी आत घातली. ती कोरडीच बाहेर आली.

"वर्कशॉपात हे झालं नसतं," अरविंद म्हणाले.

"नसतं," शालिकराम शांतपणे म्हणाला. "तिथं चारी चाकं बरोबर उचलतेत. पन भाऊ, बोल्ट पाहा. सारे एकसारखे आवळले आहेत."

अर्धी बाटली तेल आत गेले. बेअरिंग वाचली का, असे मी विचारले.

"आज नाई सांगता येत. हळू जाऊन या. वापस येता वेळेस खालचं बुच खोलून पाहू. लोखंडाचा चुरा निंघाला तं सारं उतरवा लागते."

नवेगावला तळ्याच्या काठी लाखोरीचे (धान निघाल्यावर त्याच ओलीवर येणाऱ्या कडधान्याचे) कुरकुरीत वडे खाल्ले, लहान माशांचा झणझणीत रस्सा आणि भात खाल्ला. पाण्यावर बदके उतरत होती. अरविंद ती मोजत होते आणि मला बदकांचा आवाजही धड ऐकू येत नव्हता; कान अजून जीपच्या त्या सुराकडे होते. वाटेत तो सूर विरला होता. पण तो खरोखर गेला, की मला तसे हवे होते?

दुसऱ्या दिवशी परतताना शालिकरामने परातीत तेल काढले. खालच्या बुचाला लोहचुंबक असतो. त्यावर काळा लेप चिकटला होता. तो त्याने अंगठ्याने बोटावर पसरला, उन्हात धरला. बोट काळेच राहिले. त्यात एकही चमक नव्हती.

"लेप आहे, चुरा नाई. नव्या दातांचं एवढं निंघतेच."

तेच तेल फडक्यातून गाळून तो पुन्हा भरू लागला. पुस्तकातली ओळ खरी होती, हे मला तिथे उभे असताना उमगले. ती सपाट जमिनीसाठी लिहिलेली होती, एवढे मात्र मला वाचता आले नव्हते. हातांवरचा विश्वास थोडा परत आला होता, थोडा अजून परातीच्या काठावर अडखळत होता.

"तरी नागपूरला गेल्यावर वर्कशॉपात सगळं उतरवून, पुन्हा नीट बसवून घेऊ का?" मी विचारले.

शालिकरामने बूच आवळले, हात पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

"कायले?"