उन्हाळ्यापुरती मिस

सौदीतल्या खमीस मुशैतला पोचल्यावर पहिला आठवडा मी नुसती झोपून काढला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि कॉलेज ऑगस्टच्या मध्याला उघडणार होतं. आई म्हणाली होती, "एक उन्हाळा तरी माझ्याकडे काढ." म्हणून व्हिजिट व्हिसावर आले.

आई इथल्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. मी तिसरीत असताना ती इकडे आली आणि मी मिरजेला बाबा आणि आत्याजवळ वाढले. आई म्हणजे वर्षातून एकदा महिनाभर येणारी, येताना दूध पावडर आणि ब्लँकेटं आणणारी, जायच्या आदल्या दिवशी सगळी कपाटं लावून ठेवणारी बाई. तिच्या घरात मी तिच्याबरोबर कधी राहिलेच नव्हते. आता राहायला आले, तर ती सकाळी नाइट ड्युटीवरून यायची, ओट्यापाशी उभ्या उभ्याच चहा प्यायची, जाड पडदे ओढायची आणि आडवी व्हायची. मी त्या अंधाऱ्या घरात पावलं न वाजवता फिरायचे. खमीस उंचावर आहे, त्यामुळे रियाधसारखा जाळ इथे नाही, दुपारी ढगही येतात. पण बाहेर जाऊन करायचं काय?

मी अशी कंटाळलेली असतानाच आईच्या वॉर्डातली डॉक्टर एकदा घरी आली. सुदानची, पन्नाशीची, धिप्पाड बाई. हॉस्पिटलात सगळे तिला 'दॉक्तोरा' म्हणतात. अरबीत डॉक्टरीणबाईंना तसंच म्हणतात. तिने मला विचारलं, काय शिकतेस? मी म्हटलं, गणित.

"मग रविवारपासून ये," ती म्हणाली. माझं मत विचारायचा तिचा काही इरादा दिसला नाही.

तिच्या देशात लढाई सुरू झाल्यापासून तिचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, ओळखीपाळखीचे, असे बरेच जण मुलाबाळांसह इकडे येऊन राहिले होते. कुणाकडे इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नव्हता, कुणाचे शाळेचे दाखले तिकडेच राहिले होते. त्यामुळे प्रवेश अडकले होते आणि मुलं घरात बसून होती. दॉक्तोराने आपल्या घरातली पाहुण्यांची बैठकीची खोली रिकामी केली, भिंतीला एक पांढरा फळा ठोकला आणि वर्ग सुरू केला. शिकवायला मिळेल तो माणूस. माझ्याआधी एक मल्याळी बाई होत्या, मग एक पाकिस्तानी मुलगी, मग आणखी कुणीतरी.

मी आईला विचारलं, जाऊ का?

"जा," ती म्हणाली. "पण रोज जायचं असेल तरच जा. दोन दिवस जाऊन तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, असं करू नकोस."

पहिल्या दिवशी मी उत्साहाने रंगीत कागद, कात्री, चिकटपट्टी असं सगळं घेऊन गेले. खोलीत भिंतीकडेने गाद्या होत्या आणि गाद्यांवर सहा वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंतची मुलं दाटीवाटीने बसली होती. त्यांना अरबी येत होतं, मला नाही. माझं इंग्रजी त्यांना निम्मंच कळत होतं. मी कागदाचे त्रिकोण कापायला लावले, तर लहानांनी कात्रीसाठी मारामारी केली आणि मोठे माझ्याकडे पाहुण्याकडे बघतात तसं सभ्यपणे बघत राहिले.

तेवढ्यात वरून विमान गेलं. खमीसला हवाई तळ आहे, लढाऊ विमानांचे आवाज रोजचेच. आई तर झोपेत कूससुद्धा बदलत नाही. पण वर्ग एकदम गप्प झाला. कुणी किंचाळलं नाही, रडलं नाही. मुलं फक्त उठली आणि खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला जाऊन चिकटली. मोठ्यांनी लहानांना ओढून घेतलं. सगळ्यांत मोठी मुलगी, तेरा वर्षांची असावी, आपल्या छोट्या भावाचं डोकं हाताने खाली दाबून धरून उभी होती. आवाज विरल्यावर सगळी परत जागेवर येऊन बसली आणि तिने भावाच्या हातात त्याची पेन्सिल दिली. मी हातात कात्री घेऊन तशीच उभी. मग मी ती खाली ठेवली आणि फळ्यावर बेरजेची गणितं लिहिली. ती मात्र सगळ्यांनी भराभर सोडवली.

दुसऱ्या दिवसापासून रंगीत कागद बंद केले. लहानांना अंक आणि इंग्रजी अक्षरं, मधल्यांना पाढे, मोठ्यांना पुढचं गणित. तीन गटांत मी गरगरत राहायचे. एका गटापाशी वाकले की दुसऱ्यात भांडण. ओरडून ओरडून आठवड्याभरात माझा आवाज बसला. दुपारी घरी येऊन मी चपला काढायच्या आधी दाराशीच टेकायचे. आई त्या वेळी झोपेतून उठलेली असायची, डोळे सुजलेले. आम्ही दोघी समोरासमोर बसून वरण-भात जेवायचो. बोलायला दोघींकडेही त्राण नसायचं.

एकदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दमलीस की माझ्या आईसारखी दिसतेस." असलं काही ती मला यापूर्वी कधी बोलली नव्हती. मी म्हटलं, "ताक आहे का?" आणि तिने उठून केलं.

ती मोठी मुलगी गणितात चांगली होती. तिची शाळा सहावीत सुटली, ती नेमकी अपूर्णांक शिकवत असताना. त्यापुढचं तिला काहीच येत नव्हतं आणि ते तिला सहन होत नव्हतं. वर्ग सुटल्यावर भावाला अंगणात सोडून ती माझ्याजवळ येऊन बसायची. अंगावर मोठ्या बाईचा अबाया, तो काळा पायघोळ झगा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी भाकरीचं चित्र काढून तुकडे करून दाखवले. छेद म्हणजे काय, तो सारखा का करायचा. एकदा तिने उत्तर काढलं, माझ्याशी ताडून पाहिलं, आणि चूक माझी निघाली. ती इतकी हसली की तिचा भाऊ धावत आत आला.

मला वाटलं, जमलं. थकव्यातही मी तिच्यासाठी आदल्या संध्याकाळी उदाहरणं काढून ठेवायला लागले.

मग एक दिवस तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मिस, तू कधी जाणार?"

मी म्हटलं, "अजून खूप वेळ आहे."

"खूप म्हणजे?"

"आहे गं. तू हे सोडव आधी."

तिने ते सोडवलं, वही मिटली आणि गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही. भावालाही पाठवलं नाही. दॉक्तोराने तिच्या घरी फोन केला. आजारी नाही, काही झालेलं नाही, तिलाच यायचं नाही, असं तिच्या आईने सांगितलं.

मी घरी येऊन चिडचिड केली. रोज एवढा घसा फोडते, आणि ही बाई घरी बसते. आईचा त्या दिवशी सुट्टीचा वार होता, ती गवार निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "तिने विचारलं कधी जाणार, तेव्हा तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं.

"तिथेच चुकलं. वॉर्डातली पोरं मला पहिलं हेच विचारतात, तू कधी जाणार? मी सांगते, सकाळी सातला. मग ती दुसरी येईल, पिवळ्या चष्म्याची. एकदा कळलं की पोरं झोपतात. नाही सांगितलं तर रात्रभर दाराकडे बघत बसतात."

"पण माझ्यानंतर कोण येणार ते मलाच माहीत नाही."

"मग तेही सांग," आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर दॉक्तोरा मला तिच्या गाडीतून त्या मुलीच्या घरी घेऊन गेली. एका गॅरेजच्या मागे दोन खोल्या. मुलीच्या आईने आम्हाला दूध घातलेला गोड चहा दिला, मुलगी मात्र बाहेर कपडे पिळत होती, तिने हातातलं काम सोडलं नाही. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. दॉक्तोरा माझं बोलणं अरबीत सांगत होती.

मी म्हटलं, "मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जाणार. माझं कॉलेज आहे. पुढच्या वर्षी येईन असं नाही. माझ्यानंतर कोण शिकवणार ते मला माहीत नाही."

तिने चादर पिळून झटकली. पाण्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर आले. मग ती दॉक्तोराला काहीतरी बोलली, आणि दॉक्तोराला हसू आलं.

"ती म्हणते, अपूर्णांक तोपर्यंत संपतील का?"

"संपतील," मी म्हटलं. "दशांशसुद्धा होतील."

"विचारल्याशिवाय पुढचं सांगू नकोस म्हणते," दॉक्तोरा म्हणाली.

ती परत आली. पण पूर्वीसारखी नाही. हसणं नाही, गप्पा नाहीत. वही पुढे सरकवायची, झालं की 'पुढे' म्हणायची. मला ते लागत होतं. मी तिच्यासाठी एवढी राबते, आणि ती माझ्याकडे बघतही नाही, असं मनात यायचं. पण दमलेल्या माणसाला रुसायलाही वेळ नसतो. लहानांमध्ये कांजिण्या आल्या, तिघं-चौघं घरी बसली, बाकीच्यांना खाज सुटल्याचे भास व्हायला लागले. वर्गात बसणारी कमी झाली तरी गोंधळ कमी झाला नाही. जुलै असाच ओढत ओढत गेला. अपूर्णांकांचा भागाकार संपला. दशांश सुरू झाले आणि ते तिला भाकरीपेक्षा जास्त आवडले.

जुलैच्या शेवटी ती एक दिवस नवा ड्रेस घालून आली. केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या, हाताला मेंदी. वर्ग संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बाबांना काम मिळालं. दम्मामला. उद्या जायचं."

दम्माम म्हणजे देशाचं दुसरं टोक. गेला महिनाभर मी माझ्या निघण्याची तयारी करत होते. कुणाला कसं सांगायचं, लहानांना काय द्यायचं, हिच्यासाठी काय लिहून ठेवायचं.

"मिस," ती म्हणाली, "तुझ्या आधी मी." आणि पहिल्यासारखी हसली. खरंच खूश झाली होती ती. कुणी आपल्याला सोडून जायच्या आधी आपणच त्याला सोडून जातोय, याचा आनंद तिच्या सगळ्या अंगावर होता. मीही हसले. तिने भावाचा हात धरला, दारात चपला शोधल्या आणि दोघं गेली.

त्या दिवशी मी घरी आले ती सरळ मोरीपाशी बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण पाय इतके ठणकत होते की दुसरं काही सुचेना. आईने टबात गरम पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि माझ्या पावलांशेजारी स्वतःचीही पावलं पाण्यात सोडली. तिच्या घोट्यांवर निळ्या शिरांची जाळी होती. मी ती पहिल्यांदाच पाहिली.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"बरीच वर्षं झाली. उभं राहून होतं ते."

"दुखतं?"

"संध्याकाळी."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"फोनवर काय सांगायचं पायाचं," ती म्हणाली. मग पाय चोळत तिने विचारलं, "दॉक्तोराचा फोन होता. तुझी ती पोरगी गेली का?"

मी हो म्हटलं आणि सगळं सांगितलं. पाणी गार होईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. बाबांना तिने न सांगितलेल्या पुष्कळ गोष्टी मला त्या दिवशी कळल्या. इकडे आल्यावर पहिल्या वर्षी ती ड्रेसिंग ट्रॉली ढकलताना रडायची, ही त्यातलीच एक.

उरलेले दिवस मी जात राहिले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी वाईट शिकवलं. घड्याळाकडे बघायचे, लहानांवर खेकसायचे. शेवटच्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या, एका आईने शेंगदाण्याची पिशवी दिली आणि दॉक्तोराने माझ्या पाठीवर थाप मारून पुढच्या मुलीचा फोन नंबर शोधायला घेतला. तिला थांबून चालणार नव्हतं.

तो वर्ग नंतर वर्षभर चालला, असं आईकडून कळलं. बऱ्याच मुलांना हळूहळू शाळांत प्रवेश मिळाले, खोलीत पुन्हा पाहुणे बसायला लागले. आई अजून तिथेच आहे. आता तिला नाइट ड्युटी कमी असते. फोनवर मी आधी पायांचं विचारते, मग ती ओरडते, "पाय आहेत गं जागेवर, तुझं बोल."

दम्मामहून गेल्या हिवाळ्यात एकदा त्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला, दॉक्तोराकडून माझा नंबर घेऊन. इंग्रजी बरंच सुधारलेलं. प्रवेश मिळाला, पण तिला दोन वर्ग खाली बसवलंय, सगळी पोरं तिच्या खांद्याएवढी आहेत आणि गणिताच्या बाई अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून शिकवताहेत. ती भयंकर संतापली होती. मी कशी आहे ते तिने विचारलं नाही. मागून तिचा भाऊ काहीतरी मागत होता आणि ती मेसेज मध्येच तोडून त्याच्याकडे गेली.