कोपऱ्यातले तांदूळ

नाताळच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत शिक्षिकांमध्ये चिठ्ठ्या काढायची पद्धत होती. जिच्या नावाची चिठ्ठी हाताला लागेल तिला शेवटच्या दिवशी भेट द्यायची, तोवर नाव कुणाला सांगायचं नाही. शाळा मीरा रोडची, इंग्रजी माध्यमाची, आणि मी तिथे मराठी शिकवायचे. अशा शाळेत मराठीच्या बाईला किती मान असतो ते वेगळं सांगायला नको. कुणी रजेवर असलं की तिच्या वर्गावर मला धाडायचे. पण भेट निवडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी खास क्रॉफर्ड मार्केटला जायचे, दहा दुकानं फिरायचे, आणि माझं पुडकं उघडलं जाताना सगळ्याजणी माना उंचावून बघायच्या. वर्षातली ती पाच मिनिटं माझी असायची.

मग क्राफ्टची नवी टीचर आली. भाईंदरच्या पलीकडे समुद्राकाठच्या पालीची, मच्छीमार घरातली ख्रिस्ती मुलगी, तिशीही न गाठलेली. जूनमध्ये लागली आणि दिवाळीपर्यंत तिने अख्खी शाळा खिशात घातली. जुन्या उत्तरपत्रिकांची पाकिटं, करवंटीत ओतलेल्या मेणबत्त्या, फाटक्या जाळ्याच्या तुकड्यातून विणलेली पिशवी. जे मी कचऱ्यात टाकलं असतं ते हिच्या हातात गेलं की लोक विचारायचे, कुठे मिळालं? मला तिचा हेवा वाटायचा. लोक म्हणतात तसा गोड हेवा नव्हे, पोटात दुखण्याइतका. ती बोर्डावर स्केलशिवाय सरळ रेघ मारायची, त्याचाही मला राग यायचा.

डिसेंबर उजाडला आणि मुख्याध्यापिकांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "इस साल कोई कुछ खरीदेगा नहीं. घर में जो पड़ा है उसी से बनाओ. इको-फ्रेंडली." कल्पना कुणाची हे विचारायची गरज नव्हती. ती खाली मान घालून हसत होती. म्हणजे माझी पाच मिनिटंसुद्धा हिने घेतली. वर चिठ्ठी काढली तर तिच्यातही हिचंच नाव.

मी करून बघितलं, नाही असं नाही. वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून पेनस्टँड केला, तो एका बाजूला कलला. खळीचा दोष, असं मी म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मग वर्गातली मुलंही करतात तसा जुन्या सीडीचा फुलांचा गोल केला. तो बघून मला स्वतःलाच रडू आलं.

हे सगळं माझ्या सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. सासरे गेल्यावर त्या रत्नागिरीकडचं घर बंद करून भाईंदरला आमच्याकडे राहायला आल्या, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. खारी गावाच्या बाजूला दोन खोल्यांचा आमचा फ्लॅट. त्यात त्यांची लोखंडी ट्रंक आली, आणि ट्रंकेत काय, तर जुनी लुगडी, धुवून धुवून मऊ झालेली धोतरं, माझ्या नवऱ्याचे शाळेतले शर्ट. "ह्या चिंध्या ठेवायच्या कुठे?" असं मी त्यांच्यादेखत म्हटलं होतं. त्यांनी ट्रंक आपल्या पलंगाखाली सरकवली आणि विषय तिथेच संपला. आमच्यात भांडणं नव्हती. बोलणंही फारसं नव्हतं.

"मी देऊ काय करून?" त्या म्हणाल्या. "गुडघ्यावर घ्यायची गोधडी. ल्हानशी."

मी हो म्हटलं. मला त्या दिवशी कुणीही काहीही करून देतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

त्यांना मोतीबिंदू होता, एक डोळा जवळजवळ गेलेलाच. टाका हाताच्या अंदाजाने घालता यायचा, पण सुईत दोरा ओवता यायचा नाही. म्हणून रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी मी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. संध्याकाळी यावं तर दहाही रिकाम्या. मधे त्यांचं गडद हिरवं लुगडं, भोवती माझी एक फाटलेली अबोली साडी, कडेला नवऱ्याच्या शर्टाची निळी पट्टी, आणि सगळीकडून बारीक, एकसारखे धावदोरे. दहाव्या दिवशी गोधडी पुरी झाली. हातात घेतली आणि पहिला विचार मनात आला, ही द्यायची कशाला? दुसरा विचार आला तो असा, की आता बघते ती काय करते ते.

शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये तिने गोधडी उलगडली आणि एकदम गलका झाला. "बापरे! ये आपने बनाया?" गणिताच्या टीचरने विचारलं. मी हो म्हटलं नाही. मी नुसती हसले. "कितना टाइम लगा?" "दहा दिन," मी म्हटलं. दहा दिवस लागले होते हे खरंच होतं. मुख्याध्यापिका खुर्चीवरून उठून आल्या. मराठीच्या बाईंच्या हातात अशी कला आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, म्हणाल्या. आयत्या बिळावर नागोबा होऊन मी ते सगळं ऐकून घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

ती मात्र गोधडीवर वाकली होती. टाक्यांवरून बोटं फिरवत होती. मला वाटलं, जळली! मग ती एका कोपऱ्यावर थांबली, तिथे अंगठा दाबून बघितला.

"टीचर, ह्या कोपऱ्यात काय हाय ओ? काहीतरी कडक लागतंय हाताला."

मला काय माहीत! "जुन्या शर्टाचं बटण राहिलं असेल," मी ठोकून दिलं.

"बटण?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

घरी आले तर सासूबाई दारातच. "काय म्हणाली ती? आवडली काय?" आवडली म्हटलं. "आणि कोपरा बघितलान काय?" मी विचारलं, कसला कोपरा. तेव्हा त्यांनी सांगितलं की गोधडी घराबाहेर जाणार असली तर त्या शेवटच्या कोपऱ्यात हळद लावलेले चिमूटभर तांदूळ शिवतात. त्यांच्या आईची पद्धत. दुसऱ्याच्या घरी वस्तू रिकाम्या पोटी पाठवू नये, आणि ज्याच्या अंगावर ती जाईल त्यानेही रिकाम्या पोटी झोपू नये. "तिला सांग हां," त्या म्हणाल्या, "नायतर उंदराची लेंडी-बिंडी समजून काढून टाकील." सांगते म्हटलं आणि आत जाऊन साडी बदलायला लागले. शाळा उघडेपर्यंत दहा दिवस होते. तोवर सगळे विसरतील, असा माझा हिशेब.

नाताळच्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ती, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट. पालीहून स्कूटरवर एवढ्या लांब, सणाचा दिवस टाकून. ताटात करंजीसारख्या नेवऱ्या, तळलेली गोड कुलकुल, घरच्या केकचे तुकडे. तिने ताट मला दिलं आणि पर्समधून कागदाची बारीक पुडी काढली.

"टीचर, तुमी बटण बोललात म्हणून मी कोपरा उसवला. बटण न्हाय, तांदूळ हायेत. पिवळे. कोणीतरी मुद्दाम घातलेत. मला टाकवेना."

आवाज हळूच होता तिचा. पण दोन खोल्यांच्या घरात हळू बोलून काय होतं? सासूबाई चटईवर बसल्या होत्या, दारापासून चार हातांवर.

"काढलंस काय गो बाय?" त्या म्हणाल्या. "म्हंजे तुला कुणी सांगितलं नाय."

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण मी कुठे उभी आहे ते त्यांना बरोबर कळत होतं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. ती पुढे गेली, त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांचा हात हातात घेऊन बोटाच्या टोकाला सुईने पडलेला घट्टा बघितला.

"आजी, तुमी शिवली?"

धरणी दुभंगावी असं पुस्तकात वाचलं होतं. भाईंदरला तिसऱ्या मजल्यावर ती सोयही नसते. आता सासूबाई काय ते सांगतील, सोमवारी नाही तर पुढच्या सोमवारी ते शाळेत पोचेल, आणि मुख्याध्यापिका पुन्हा एकदा उठून येतील, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"आमी दोघींनी," सासूबाई म्हणाल्या. "सुया ही ओवते. रोज सकाळच्या धा सुया. मला दिसत नाय ना."

मला झाकायला त्या तसं बोलल्या, की खरंच तसं मानत होत्या, हे मला आजवर कळलेलं नाही. ती नुसतं "हो का," म्हणाली. तिने गोधडीही खांद्यावरच्या पिशवीतून आणली होती. सासूबाईंनी तांदूळ तळहातावर घेतले, चाचपले, आणि तिला म्हणाल्या, "आता तूच घाल. मी सांगत्ये तसं." मी चहा टाकायला आत गेले. सुईत दोरा ओवायला मला कुणी बोलावलं नाही. ती स्वतःच ओवत होती.

आतून मला सगळं ऐकू येत होतं. सुक्या बोंबलांपासून सुरू झालं ते जाळ्यांच्या गाठींपर्यंत गेलं. सासूबाई हसल्या. मी चहाचं भांडं उतरवता उतरवता थांबले. दोन वर्षांत मी त्यांचं हसू असं ऐकलं नव्हतं, मोठ्याने, खोकला येईपर्यंत. खरं तर लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण लाजेच्या वर चढून बसला तो मत्सरच. माझ्या घरात, माझ्या चटईवर, माझी सासू हिच्याशी हसते! ती निघताना सासूबाईंनी ट्रंक ओढायला लावली आणि हिरव्या लुगड्याचा उरलेला पदर तिला देऊन टाकला. आणि तिने आणलेल्या ताटाबरोबर माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं, हेही मी बघून ठेवलं.

शाळेत ती एका शब्दाने बोलली नाही. मी रोज वाट बघायचे, की कधीतरी टोमणा मारील, म्हणजे मला तिच्यावर चिडता येईल. तिने ती सोयसुद्धा ठेवली नाही. महिन्यातून एकदोन रविवारी ती सासूबाईंकडे शिकायला यायची. मी दार उघडायचे, चहा करायचे, कप विसळायचे.

एकदा न राहवून मी सासूबाईंना म्हटलं, "घरात ट्रंकभर कपडे पडलेत, आपल्याला एक गोधडी नाही." मला एक करा, असं म्हणायला जीभ रेटली नाही. त्या म्हणाल्या, "तुला बाजारातलीच चादर बरी वाटते ना गो? मला वाटलां, चिंध्या नको तुला." टोचून बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. त्या साधं विचारत होत्या. पुढे दुसरा डोळाही गेला, ऑपरेशन करूनही फारसा आला नाही, आणि हातही थरथरायला लागला. भाईंदरच्या घरात त्यांच्या हातून झालेली ती एकच गोधडी, आणि ती मी पाच मिनिटांच्या कौतुकासाठी देऊन बसले होते.

सासूबाई वारल्या, त्या वर्षीच्या नाताळात मी पालीला गेले. बरोबर घरी केलेल्या करंज्यांचा डबा होता, पण डबा हे निमित्त. गोधडी परत मागायची, असं ठरवूनच निघाले होते. वाक्य जुळवून ठेवलं होतं: तुला काय, त्या शिकवून गेल्यात, तू दुसरी शिवशील, मला मात्र तेवढीच आठवण आहे. बसमध्ये ते मी चारदा मनात म्हणून बघितलं. दर वेळी ते मला अगदी रास्त वाटलं.

गल्ली अरुंद, तिचं घर शेवटचं. समोरच्या खोलीत खाटेवर तिची म्हातारी आई बसली होती आणि तिच्या गुडघ्यांवर गोधडी. हिरवा रंग उडाला होता. माझ्या अबोली साडीचा भाग विरून गेलेला, त्यावर नवं ठिगळ, आणि ठिगळाचे टाके इतके सासूबाईंसारखे की मी दोनदा बघितलं. ती पाणी घेऊन आली. मी खाटेच्या कडेला बसले, म्हातारीच्या पायांवरचा कोपरा सारखा केल्यासारखं करत अंगठा दाबला. तांदूळ होते.

"तूच ना ती टीचर?" म्हातारीने विचारलं. "तूच शिवली ना ही? भारी ऊब हाय गो."

ती पाण्याचा ग्लास हातात धरून उभी राहिली. म्हणजे इतक्या वर्षांत तिने स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. आताही ती काही बोलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि शप्पथ सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला, की अशी गप्प बसायला मला का जमत नाही.

जुळवून आणलेलं वाक्य काही आलं नाही.

"नाही हो," मी म्हटलं. "ही माझ्या सासूबाईंनी शिवली. मी नुसत्या सुया ओवल्या."